घसारा

पंचायत समितीनं मेळाव्याला माझा मांडव घेतला
आणि पैसे देताना पक्कं बिल मागितलं.
तेव्हा कळलं, बावीस वर्षांत
माझ्याकडं पक्कं असं काही नाही.
बांबू सोडून.

माझा हिशोब लग्नपत्रिकांच्या पाठीवर.
गुळगुळीत पत्रिकेवर पेन चालत नाही,
गरिबाघरची पाठ लिहायला चांगली.
पुढं चि. सौ. कां., मागं गाद्या चाळीस,
गंज सहा, कढई एक,
उरले अकराशे, पोळा झाल्यावर.
कोणता पोळा ते लिहिलेलं नाही.

बायको म्हणाली, "दारव्ह्याले स्टँडमागं,
टायरच्या दुकानावरच्या माडीत एक पोरगी बसते.
लोकाइचे टॅक्स भरते.
जा न तिच्याकडं. का उधई लागाची वाट पाहून रायले?"

प्रणोती खोब्रागडे, कर सल्लागार.
तिनं बसायला खुर्ची दिली, लाल, फायबरची.
मी आधी उलटून पाहिली,
मागं र.बि.के. लिहिलंय का.
नव्हतं.
ती पाहत होती. काही बोलली नाही.

फी म्हणाली महिन्याला बाराशे.
मी आठशे म्हटलं.
"काका, मांडवाचे पैसे कोणी असे पाडून मागितले
तर तुम्ही काय म्हणता?"
म्हणतो, मग लावा लग्न उन्हात.
तिला ते सांगितलंसुद्धा.
हसली नाही. म्हणाली, "बाराशे."

दोन पोती पत्रिका एस.टी.नं नेल्या.
कंडक्टरनं पोत्यांचं तिकीट फाडलं,
ते तिनं आधी मागून घेतलं, टाचून ठेवलं.
मग मुहूर्तांची रास घातली.
तिचं वर्ष एप्रिलात सुरू होतं,
माझं तुळशीच्या लग्नानंतर;
मधल्या महिन्यांत आम्ही दोघंही
बराच वेळ अडकून होतो.

एक गठ्ठा वेगळा निघाला.
सतरंज्या दोन, खुर्च्या पन्नास. रक्कम नाही.
"हे काय?"
मयतीचं. त्याचे आपण घेत नाही.
"मग ते इथं येत नाही," म्हणाली,
आणि रबर लावून गठ्ठा परत दिला,
दोन्ही हातांनी.

मग विचारलं, घसारा किती धरू.
कशाचा घसारा?
"वस्तू झिजतात. दरसाल किंमत थोडी कमी लिहायची.
सरकार मानतं ते."
सरकार मानतं!
मला एकदम बरं वाटलं. सांगतच सुटलो:
ताडपत्र्या उंदरांनी,
सतरंज्या बिड्यांनी,
गंजांना दर पंगतीत एक पोचा,
जनरेटर तर नुसता वयानं.
बोलता बोलता म्हटलं,
आमचा किसना आत्राम घ्या,
वीस वर्षं खांबावर चढला,
आता खाली उभा राहून शिडी धरतो.
त्याचा किती धरता?

तिची बोटं थांबली.
"माणसाचा घसारा नसतो, काका.
माणसाची मजुरी असते.
ती कुठं लिहिलीय?"

मी पोत्यात हात घातला.
पोतं रिकामं होतं, मला माहीत होतं.
तरी तळाशी बराच वेळ
चाचपत राहिलो.

आता रजिस्टर आहे. निळं, जाड, रेघा आखलेलं.
पहिल्या पानावर तिनं रकाने पाडून दिले.
किसना दोर गुंडाळत होता,
त्याला म्हटलं, तुझं पूर्ण नाव सांग.
बापाचं धरून.

त्यानं दोर खाली ठेवला.
माझ्या हातातला पेन पाहिला,
मग रचलेल्या खुर्च्यांकडं,
आणि हळूच विचारलं,
"काहून मालक?
काई हरपलं का?"