टिंबाच्या पुढे कोण

ग्दिनियात डिसेंबरात पावणेचारलाच दिवे लागतात.
तंत्रशाळेच्या दुसऱ्या मजल्यावर
हीटरला पाठ टेकून ल्युद्विका बसलीय. वय चोपन्न.
सव्वीस वर्षं गोदीत कंटेनरांचे नंबर टिपले तिनं.
आता ते काम कॅमेरा करतो.

तिमोतेउश जावा शिकवतो. तिच्या धाकट्याहून लहान.
फळ्यावर चौकोन, चौकोनांतून बाण :
बंदरात बोटी, बोटीवर कंटेनर,
कंटेनरला मालक, मालकाला पत्ता.
"बंदरातून निघा, पत्त्यापर्यंत पोचा.
मधल्या कुणाला ओलांडून उडी नाही."

ती लिहिते. टिंब. पुढचं नाव. पुन्हा टिंब.
बंदराचा हात सोडून बोटीचं बोट धरायचं,
तेही सोडून पुढच्याचं,
लग्नघरात हरवलेलं पोर
आईपर्यंत पोचतं तसं.

मघाशी चुकून लिहिलं, कंटेनर मालक आहे.
कंटेनरला मालक आहे, असं हवं होतं.
एक 'ला' राहिला
आणि अख्खी गोदी उलटीपालटी.

आता चालवलं, तर एक्केचाळिसाव्या ओळीवर लाल.
नल.
तिसऱ्या कंटेनरला मालकच नाही.
"आधी विचारायचं," तिमोतेउश म्हणतो, "कुणी आहे का?
मगच पुढचं टिंब."

ल्युद्विका पहिल्यांदाच हसते.
"असे यायचे आमच्याकडे. बिनकागदाचे.
कुंपणाशी लावून ठेवायचो,
दारावर खडूनं प्रश्नचिन्ह.
एकदा एकात नुसत्या छत्र्या निघाल्या."
आणि ती एक नवा क्लास लिहिते : कुंपण.
पुस्तकात हे उत्तर नव्हतं.
तिमोतेउश खुर्ची ओढून शेजारी बसतो.

शेवटचा धडा उलट्या बाणाचा.
बोटीला कंटेनर ठाऊक, म्हणून कंटेनरला बोट ठाऊक
असं आपोआप होत नाही.
दोन्हीकडे लिहावं लागतं, वेगवेगळं.
ती वहीत हे उतरवून घेते, खाली रेघ मारते.
फोनमध्ये पहिलं नाव प्शेमेकचं आहे. स्टाव्हांगरला असतो.
त्याच्या फोनमध्ये
(ती वही मिटते.)

साडेआठची ट्रॉलीबस वळणावर थांबली,
वरचे दोन्ही दांडे तारेवरून निसटलेले.
चालक उतरला, हातमोजे चढवले,
दोरी ओढून एक दांडा तारेला लावला,
मग दुसरा.
बाकीचे आत शेकत बसले.
ल्युद्विका तेवढी खाली उतरून
वर बघत उभी होती.