पेन्सिलीची रेघ

नांदेडच्या प्रशिक्षणात बाई म्हणाल्या,
नियतकालिक हा शब्द आता अपुरा पडतो.
चालू साधन म्हणा.
ज्याचा शेवट आधी ठरलेला नाही, ते सगळं चालू.
चहाच्या सुट्टीत मी वहीच्या मागे लिहून ठेवलं,
शेवट ठरलेला नाही.
आणखी एक शब्द होता, कालव्यापी.

सेलूला परतले, तर खणातल्या कार्डांना
यातलं काहीच कळलं नव्हतं.
रज्जाक सरांचं बारीक अक्षर,
सुरुवातीचं साल शाईनं, मग आडवी रेघ,
रेघेपुढे दोन बोटं कोरी जागा.
सर शिकवायचे : सुरुवात शाईनं लिही, ती होऊन गेलेली असते.
हाताशी असलेले अंक पेन्सिलीनं.
ते वाढतात, चोरीला जातात, कसर खाते.
आणि रेघेपुढे काही लिहायचं नाही
मालकाचा कागद आल्याशिवाय.

खालच्या खणात एक मासिक आहे, फसली तेराशे चोपन्नचं.
मराठी डावीकडून सुरू होतं, उर्दू उजवीकडून,
मधल्या पानावर दोघी समोरासमोर.
दोनच अंक. पुढे काही नाही.
वारंवारितेच्या रकान्यात सरांनी लिहिलंय,
'कळत नाही'.

नावाचा नियम असा :
बारीकसा फरक जुन्याच कार्डावर टीप म्हणून.
पहिल्या पाच शब्दांत मोठा बदल झाला
तर नवी नोंद करा,
जुनीवर 'पुढे पाहा', नवीवर 'आधी पाहा'.
माझे तर तीनच शब्द, तिन्ही बदलले.
ताटातल्या तांदळात अंगठीनं गिरवलेलं नाव,
दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला.
रेशनकार्डावर 'आधी पाहा' कुठेच नाही.
बोरीहून आईचा फोन येतो, कौतिके म्हणून,
ती अजून जुन्याच शीर्षकाखाली शोधते
आणि मी सापडते.

त्रैमासिक 'दुधनाकाठ'. संपादक मुंजाजी घनवट.
एक्याऐंशीपासून, ट्रेडलवर, स्वतः पाय मारत.
एकोणचाळीसनंतर एकदम त्रेचाळीस.
मधले तीन कुठायत, मी विचारलं.
निघालेच नाहीत, मोजताना चुकलो, म्हणाले.
पन्नासावा दोन हजार नऊचा.
त्यानंतर रोज सकाळी पेपर वाचायला येत,
चष्मा पुसत, मी न विचारता सांगत,
"यायलाय. पुढच्या महिन्यात यायलाय."
अकरा वर्षं.
कालव्यापी शब्द त्यांना ऐकवला
तर दोनदा म्हणून पाहिला.
"बराय. संपादकीयात घेतो."

मग संगणक आला.
स्थिती : चालू, बंद. दोन्हींतलं एक निवडा.
रिकामं सोडलं की चौकट लाल होते.
मी त्या एका नोंदीपाशी लाल चौकट तशीच ठेवून
पुढच्या नोंदी केल्या.

यंदा वेळा अमावास्येच्या आदल्या दिवशी
त्यांचा मुलगा आला. ट्रेडल किलोवर गेलं म्हणाला.
एक कागद दिला, सही, छापखान्याचा शिक्का :
सदर त्रैमासिक बंद समजावे.
आणि सुतळीनं बांधलेले खिळे, एक पान,
जुळवलेलं, छापायचं राहिलेलं.
अक्षरं उलटी. पर्समधला आरसा धरला.
अंक एक्कावन्न.
'हा अंक निघण्यास थोडा उशीर झाला, क्षमस्व.'

छापलेलं नाही म्हणजे प्रकाशित नाही,
ते मला कळतं.
खिळ्यांना दाखल क्रमांक देता येत नाही, तेही.
मी ते पान रज्जाक सरांच्या खणात ठेवलं, जड होतं,
खण आता नीट लागत नाही.
मालकाचा कागद आलाय, तेव्हा कार्ड काढलं,
रेघेपुढे लिहिलं, २००९.
पेन्सिलीनं.