चार मिनिटं पुढे

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत
सहा जुने संगणक, एक नवा,
आणि कोपऱ्यातल्या कपाटात सगळ्यांची मिळून एक डिस्क.
एकट्या नव्याला आमचा प्रोग्रॅम बांधायला चाळीस मिनिटं लागत.
मी हिशेब मांडला: चाळीस भागिले सात.
सहा मिनिटं, फार तर.
उज्ज्वला केळुसकर म्हणाली, करून बघ.

लागली एकतीस.

खाली कॉम्प्रेसर धडधडत होता, लाद्या फुटत होत्या,
आणि वर सातजण हात बांधून उभे
एकाच दारात.
काम वाटलं होतं मी, दार वाटलं नव्हतं.
जो तो तीच हेडर फाईल मागत होता,
हजारदा,
आणि एवढ्या पंगतीला वाढपी एकच.

मग प्रत्येकाच्या पदराला त्याची शिदोरी बांधून दिली:
मूळ मजकूर ज्याचा त्याच्या मेमरीत,
कपाटात फक्त तयार तुकडा टाकायचा.
अकरा मिनिटं.
जिन्यावरून बर्फवाला सायमन विचारायचा,
"अजून शिजूक नाय?"

शिजायचं. पण एखाद्या दिवशी
कुणी कशाला हात न लावताही
सगळंच पुन्हा पहिल्यापासून शिजायचं.
तीन रात्री शोधलं.
खिडकीलगतचा, पाचवा.
खाऱ्या हवेनं त्याच्या घड्याळाची बॅटरी खाल्ली होती,
तो चार मिनिटं पुढे जगत होता.
त्यानं लिहिलेल्या फाईलवर
अजून न वाजलेली वेळ,
आणि ती बघून बाकीचे सहा, बिचारे, प्रामाणिक,
आपलं ताजं काम शिळं समजून टाकून देत होते.

त्याच्यावर रागावता आलं नाही.
पुण्याहून परतले तेव्हा मीही अशीच आले होते,
जरा पुढची वेळ लावून,
आणि आईनं दोन महिने
स्वतःच्या हातचं काही धड मानलं नव्हतं.

शिरोड्याच्या घड्याळजीकडे बॅटरी मिळाली. चाळीस रुपये.
सातही आता एकमेकांना वेळ विचारतात.

नऊ मिनिटं.
त्यातली शेवटची दोन मात्र कुणालाच वाटून देता येत नाहीत:
सगळे तुकडे एकाच्या पुढ्यात,
जोडणारा एकटा,
सहाजण गप्प.
तेवढ्यात खाली उतरावं,
सायमनकडून लादीचा कपचा घ्यावा
आणि तो विरेपर्यंत मानेवर धरून
उभं राहावं.