मळ्यात बाया होत्या काय?

चर्चमागच्या टिनाच्या खोलीत
रविवारी साडेअकराला अकरा पोरं.
सहा पोट्टे खिडकीशी, पाच पोट्ट्या दाराशी.
असं बसा, असं मी कधी सांगितलं नाही.
असं बसू नका, असंही नाही.

बोंडं फुटायचे दिवस.
पोरींच्या बोटांवर वाळल्या बोंडांनी ओढलेल्या रेघा.
जिल्ह्याहून आलेल्या पुस्तिकेत आजचा धडा :
देवापुढे स्त्री-पुरुष समान.
खाली, रिकाम्या जागा भरा.
हनोखनं दोन मिनिटांत भरल्या,
समान, समान, समान,
आणि पेन कानावर खोचून म्हणाला,
'पण मॅडम, आधी तं मानूस झाला ना?
बाई त्याच्या बरगडीतून.'
पोट्टे हसले. सिलासनं शर्टावरून
खरंच मोजायला घेतल्या बरगड्या,
चौथीशी त्याला गुदगुल्या झाल्या.

मी म्हटलं, बरगडी काळजाजवळची असते.
हे मला आईनं सांगितलेलं,
मिशनच्या दवाखान्यात ती आया होती तेव्हा.
गोड उत्तर. वीस वर्षं मी तेच देत आले.
गोड उत्तरानं पोरी गप्प होतात
हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

मग पुस्तिका मिटली, मळ्याची गोष्ट काढली.
मालक पहाटेच मजूर शोधायला निघतो,
काही सकाळी लागतात कामाला, काही दुपारी,
काही तर दिवस कलल्यावर,
आणि संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर
एकेक नाणं. सारखंच.

शलोमी खोब्रागडे,
वर्षभरात 'हजर' सोडून शब्द नाही,
म्हणाली, 'मॅडम, त्या मळ्यात बाया होत्या काय?'

चाळीस वेळा सांगितली असेल मी ही गोष्ट.
फळ्यावर चित्रं काढली, फेटे, फावडी, मिशा.
'तसं लिहिलेलं नाही,' मी म्हटलं.
'असतीन,' ती म्हणाली,
'मळा हाये तं निंदाले कोन जाईन?
आन् असतीन तं त्यायलेबी तेवढंच भेटलं काय?
आपल्या इथं फवारनीचे चारशे, निंदनाचे दोनशे.
हनोखच्या बाबाच्या वावरात तं एकशे ऐंशी.'

हनोखचे बाबा मंडळीचे खजिनदार.
त्यानं पेन कानावरून काढलं.
'फवारनीत जहर असते,' तो म्हणाला.
'निंदनात पाठ असते,' शलोमी म्हणाली.

बाहेर निंबाखाली बकरी शिंकली.
ह्या प्रश्नाचं उत्तर शेवटच्या पानावर नव्हतं.
मी म्हटलं, तो मालक 'तू कोण' विचारत नव्हता,
जो उभा होता त्याला घेत होता.
'जो', मी म्हटलं. मग थांबून, 'जी'.
आणि बोलता बोलता आठवलं
माझ्या स्वतःच्या तुरीत मी काय भाव देते.

पुढच्या रविवारी शलोमी आली नाही.
वेचाई जोरात, तिथं किलोवर पैसे.
हनोख लवकर आला, एकटाच.
पोरी यायच्या आत त्यानं खोली झाडली,
वाईट झाडली, कचरा सतरंजीखाली.
'कोनाले सांगू नोका.'
मी विचारलं, 'आणि ते एकशे ऐंशी?'
'बाबा म्हनते, पाहू.'
आमच्याकडं 'पाहू' म्हणजे नाही.
एखाद्या वर्षी, कापसाला भाव असला,
तर 'पाहू' म्हणजे पाहू.

सोमवारी तुरीतल्या बायांचा हिशेब केला.
पंचफुलाबाईनं अंगणात बसून नोटा मोजल्या,
थुंकी लावून पुन्हा मोजल्या,
आणि दोनशे माझ्यापुढं धरले.
'मॅडम,' ती म्हणाली, 'तुमी चुकल्या.
हे गड्यायचे पैसे हायेत.'