आकडा

एकतीस वर्षं मी लोकांचे मीटर वाचले.
घणसोली, कोपरखैरणे, रबाळ्याच्या चाळी.
जिन्याखालचा अंधार, हातातल्या बॅटरीचा पिवळा गोल,
काचेवरची धूळ अंगठ्यानं पुसून
आकडे वहीत.

आणि खांबावर टाकलेले आकडे
बांबूनं खाली.
दोन्हींना शब्द एकच,
माझा पगार दोन्हींवर.

आता माझ्याच रो-हाउसच्या गच्चीवर
चार पॅनेलं.
बसवायला आलेला तौसिफ म्हणाला,
काका, तोंड दक्षिणेला.
वसुधा जिन्यातच थांबली.
आमच्यात दक्षिणेला तोंड करून कुणी जेवत नाही.
तौसिफनं ड्रिल खाली ठेवलं, जरा विचार केला,
म्हणाला, काकी, ही जेवत नाहीत,
वाढतात.

तिनं कपड्यांची दोरी सोडून दिली,
पण अजून ऐकवते:
टॉवेल बाल्कनीत दमटच राहतात,
सगळं ऊन तुमच्या चार काचा पितात.

नेट मीटरसाठी दोन महिने नऊ दिवस.
ज्या ऑफिसात माझी खुर्ची होती
तिथल्या बाकावर टोकन घेऊन बसलो.
माझ्या हाताखाली शिकलेला कुलदीप मोकल
'साहेब' म्हणाला, चहा पाजला.
फाइल मात्र त्याच ढिगात, त्याच जागी.
बरोबर केलं त्यानं.
मीच शिकवलं होतं तसं.

बिलावर आता दोन रकाने, आयात आणि निर्यात.
घराला आपलं उगीच
बंदर झाल्यासारखं वाटतं.

रोज साडेतीनला एक पॅनेल मरतं.
शेजारच्या नलिनी गावंडांची पाण्याची काळी टाकी,
तिची सावली चौथ्या पॅनेलवर येऊन बसते
म्हशीसारखी. हलत नाही.
एकदा गेलो सांगायला, टाकी थोडी सरकवता का.
बाई म्हणाल्या, भाऊ,
आता सावलीचंही रीडिंग घेणार?
मग दाराआडून, हळू:
अठ्ठ्याण्णव साली आमच्या ह्यांचा आकडा
तुम्हीच काढलात. दिवाळी होती.

मला आठवत नव्हतं.
इतके काढले.

मेमधल्या एका रात्री सबस्टेशनात काहीतरी फुटलं.
अख्खा सेक्टर काळा.
आमच्या जिन्याखाली, जिथे पूर्वी चपला असायच्या,
पांढरा डबा भिंतीला टेकून उभा,
पोटात पाच युनिट.
पंखा थांबलाच नाही.
सुख म्हणावं तर सुख,
पण ओळीत एकटंच घर उजळलेलं,
म्हणजे अंगभर दागिने घालून मयताला गेल्यासारखं.
मी पोर्चचा दिवा बंद केला. मग हॉलचा.
वसुधा म्हणाली, एवढे पैसे घातले
ते अंधारात बसायला?

भिंतीपलीकडे गावंडांचा नातू खोकत होता.
थांबायचा, पुन्हा खोकायचा.
त्याच्या वाफेच्या मशीनचा आवाज रोज येतो,
आज नव्हता.
उठलो. माळ्यावरून पिवळी वायर काढली.
कंपाउंडवर चढायचं वय गेलं,
म्हणून बांबू घेतला,
टोकाला वायर अडकवली,
पलीकडे सोडली.
हाताला ओळखीचं वाटलं,
फक्त उलटं.

अंधारातून बाई म्हणाल्या, भाऊ, हे चालतं का?
म्हटलं, नियमात बसत नाही.
धरा.

पहाटे चारला लाइट आली.
बॅटरीत अकरा टक्के.
सवयीनं जुनी वही काढली,
रात्री किती गेलं ते मांडायला.
आयात नाही. निर्यातही म्हणता येईना.
पेन्सिल कानामागे ठेवून
बराच वेळ बसलो.

टाकी अजून तिथेच आहे.
साडेतीनला सावली येते.
मी आता चहा
तेव्हाच टाकतो.