मशालजी

पुलावरच्या लढाईचे आकडे माझ्याकडे असतात.
राक्षसिणीला जीव किती, गदेचा फटका कितीचा,
चौघांच्या टोळीला कितव्या फेरीत घाम फुटावा,
डंडीत, तागाच्या जुन्या गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
मी हे ठरवते.
त्याचा पगार मिळतो.

डिसेंबरात साडेतीनलाच अंधारतं.
खिडकीतून टे नदीवरचा पूल दिव्यांपुरता उरतो.
रॉरी म्हणतो, फार सोपी झालीय तुझी बया.
मी तिचा जीव चाळीसनं वाढवते.
इशबेल खेळून बघते, जांभई देते :
नुसती लांबली. कठीण कुठे झाली?
खरंय.
जीव वाढवणं म्हणजे आमटीत पाणी घालणं.

मग मी जागेला हात घालते.
पूल आवळते, एका वेळी एकच माणूस मावेल इतका.
पलीकडच्या कठड्यावर दोन तिरंदाज,
तलवार पोचणार नाही अशा अंतरावर.
आणि वारा असा, की जादूगारानं आग फेकली
तर आपल्याच भालाइताच्या पाठीवर यावी.
हे मला इथल्या विद्यापीठात शिकवलं नाही कुणी.
हे आट्यापाट्यांचं.
भोरला शाळेमागे चुन्याच्या रेघा,
सूरपाटीवर लीना बोंद्रे,
आणि आमचं नऊजणींचं घोडं तिथेच अडलेलं.
ती फार पळायची नाही.
आपल्याला जायचं असेल तिथे
ती आधीच उभी असायची.
माझी राक्षसीण चालीनं लीना आहे.
(लीनाला सांगू नका. ती आता सांगलीत दातांची डॉक्टर आहे.)

खेळणारे बिलंदर. आठवड्यात तोड निघाली :
मशालजीला पुढे घालायचं.

मशालजी म्हणजे तीन मोहरांचा भाडोत्री.
बारा जीव, हत्यार नाही,
नावसुद्धा यंत्रानं चिठ्ठी काढून दिलेलं.
बया त्याच्याकडे वळते, एक फेरी फुकट मिळते,
तेवढ्यात भालाईत आत घुसतो,
वैद्यीण त्याच्या जखमा बांधत मागून,
आणि बया पाण्यात.
हजारातले नऊशे ऐंशी असेच जिंकतात.
त्यांचं काय चुकलं?
त्याच्या मरणाच्या रकान्यात
शून्य मीच भरलं होतं.

एकजण मात्र.
मला फक्त क्रमांक दिसतो, शेवटी एकाहत्तर.
बाई की पोरगा, कुठल्या गावचा, माहीत नाही.
एकसष्ट वेळा हरलाय त्या पुलावर.
‘सोपं’वर एकदाही उतरला नाही.
त्यातल्या चार वेळा तर तो जिंकला होता,
बया बुडाली होती, खजिन्याची पेटी उघडत होती,
पण मशालजी पडला होता,
म्हणून पुन्हा पहिल्यापासून.
एकुलता एक कवचमंत्र
बारा जिवांच्या त्या माणसावर खर्च करतो.
मी इशबेलला दाखवलं. ती म्हणाली, वेडा आहे.
मग खुर्ची ओढून बसली.

बासष्टावी खेप.
एकोणीस फेऱ्या झाल्या. जादूगाराचा एक जीव उरला,
वैद्यीण गुडघ्यावर,
भालाईत बयेसमोर, पुढच्या फटक्यात संपणार.
चाल मशालजीची.
त्याला चालवायला काय आहे? दोन बटणं :
मशाल पेटव. मशाल विझव.
दुसरं मी मुक्कामापुरतं ठेवलं होतं,
टोळी झोपताना विझवायला.

त्यानं विझवली.

तिरंदाज आंधळे झाले. बाण पाण्यात गेले.
बया आपल्या रेघेवर उभीच, पण तोंड भलतीकडे,
आणि ते चौघे, पाचवा मधे,
तिच्या काखेखालून
पलीकडे.
न मारता. पेटीही राहिली मागे.

लीनाला आम्ही एकदाच चकवलं होतं,
दिवेलागण उलटून गेली होती,
हे मला आत्ता आठवतंय.

रॉरी म्हणाला, हे भोक आहे, सोमवारी बुजव.
मी म्हटलं, बघते.
सगळे गेल्यावर तो रकाना उघडला,
शून्य खोडलं.
तीन लिहिलं, खोडलं. बारा लिहिलं.
किती लिहायचं असतं इथे?

रॉरी कोट घालून दाराशी,
हात दिव्याच्या बटणावर.
मालवू?