बाळसं

कामा नदीवर अजून बर्फ आहे,
माणसं गळ घेऊन त्यावरून चालत जातात,
आणि इथे पेर्ममध्ये, पाचव्या मजल्यावर,
दह्याच्या रिकाम्या डब्यांत
माझे टोमॅटो उगवले आहेत.

बियांच्या पुडीवर वेन्यामिनचं अक्षर:
बैलाचं काळीज. मोठं फळ.
डाव्या कोपऱ्यातल्या झाडाचं.
वर्ष लिहायला विसरला.
डावा कोपरा कुठून बघितल्यावर, तेही.
वीस पेरल्या. सतरा आल्या.

मी त्यांना रेडिएटरवर ठेवलं, उबेला.
पडदा ओढून घेतला, वारं लागू नये म्हणून.
सकाळी पाणी, दुपारी पाणी,
संध्याकाळी आपलं सहज, घोटभर.
दहा दिवसांत वीतभर झाली रोपं.
मला वाटलं, वा.

मग खालची गुल्नूर आली मीठ मागायला.
ट्राम चालवते ती.
बोलणंही तसंच, रूळ सोडून वळत नाही.
"रिम्मा, हे काय काडीपहिलवान पाळलेस?"

"चांगले उंच आहेत."

"उंच कुठले! उजेडामागे धावतायत.
माना बघ, सगळ्या काचेकडे.
पोट भरलेलं, पाय ओले, अंग गरम,
आणि डोळ्यांपुढे अंधार.
लांब होतील नाही तर काय करतील?"

मीठ राहिलं.
तिनं बाही वर केली,
रेडिएटरवर माझी जाड शाल टाकली,
खिडकीची वरची झडप उघडली,
चॉकलेटच्या चांद्या पुठ्ठ्यावर चिकटवून
रोपांच्या पाठीशी उभ्या केल्या,
म्हणजे उजेड दोन्हीकडून.
पाणी? डबा उचलून हलका लागेपर्यंत नाही.
जीव तुटला तरी नाही.

पुढच्या रविवारी परत आली, मोठे डबे घेऊन.
"कानाला धर, मानेला नको.
पान तुटलं तर दुसरं येतं."
आणि एकेक रोप खोल पुरलं, पार कानांपर्यंत.
"वाया गेलेली उंची सगळी खाली घाल.
तिलाच मुळं फुटतात."

दाराशी चपला घालता घालता म्हणाली,
"आणि रोज हात फिरव वरून, दहा-बारा वेळा.
घरात वारा नसतो.
कुणीतरी व्हावं लागतं."

पहिल्या दिवशी हात अधांतरीच थांबला.
ऑक्टोबरपासून ह्या हातानं
किल्ल्या धरल्या, कप धरले,
दुकानातली सुटी नाणी मोजून घेतली.
बस्स.
मग टेकवला. रोपं वाकली, उठली.
तळव्याला वास लागला, उग्र, हिरवा,
उन्हाळ्यात तो बागेतून आला की
सदऱ्याला असायचा तो.
त्या दिवशी मी भांडी घासली नाहीत.

दोघांनी माना टाकल्या, बुडाशी काळं पडून.
एक माझ्याच हातून मोडलं, जोर जास्त झाला.
गुल्नूर म्हणाली, वाऱ्याच्या हातूनही मोडतात.

आता बर्फ फुटला नदीवरचा.
रात्री ऐकू येतो, कपाटं सरकवल्यासारखा.
चौदा उरलेत. बुटके, गडद,
देठाला जांभळी झाक, अंगावर लव,
बाळसं धरलेले.
दुपारी तासभर बाल्कनीत ठेवते.
पहिल्या दिवशी मीही शेजारी उभी होते, कोट घालून,
ते थरथरले, मी थरथरले,
खालून ट्राम गेली आणि घंटा
उगाचच दोनदा वाजली.

मिठाची वाटी ओट्यावर भरलेली आहे. ती विसरते.
मीही आठवण करत नाही,
परत यायला काहीतरी कारण असू दे.

जूनमध्ये थंडी मागे फिरली की
बसनं घेऊन जाईन खोकी, मांडीवर.
डावा कोपरा
फाटकातून आत बघताना जो डावा, तो,
असं मी ठरवून टाकलं आहे.